किशोरवयातील विकासाचे तीन वेग

बालपण आणि प्रौढपण यांच्या मधल्या काळाला मराठीत किशोरावस्था, कुमारवय आणि पौगंडावस्था अशी तीन नावे असून आज ती एकाच अर्थाने वापरली जात असली, तरी मुळात त्यांच्या मर्यादा वेगवेगळ्या होत्या. संस्कृतातील एका प्रचलित विभागणीनुसार पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, पंधराव्यापर्यंत कैशोर आणि त्यानंतर यौवन असे टप्पे मानले जात. म्हणजे मराठी माणूस आज ज्या वयाला पौगंडावस्था म्हणतो, त्याचे जुने नाव कैशोर होते. जागतिक आरोग्य संघटनेने किशोरावस्थेची मर्यादा १० ते १९ वर्षे अशी मानली आहे आणि भारतातील आरोग्य कार्यक्रमही तीच मर्यादा पाळतात.

बोलभाषेने मात्र या वयाची मोजणी वर्षांनी केली नाही, शरीरावरच्या खुणांनी केली. मिसरूड फुटणे, आवाज फुटणे, अंगाने भरणे, न्हाण येणे हे सारे वाक्प्रयोग डोळ्यांना आणि कानांना कळणाऱ्या बदलांचे आहेत. समजूतदारपणाशी जोडलेली एक शारीरिक खूणही भाषेने ठेवली आणि ती म्हणजे अक्कलदाढ, जी साधारणपणे सतराव्या वर्षानंतर, म्हणजे इतर सर्व खुणा उमटून गेल्यावर येते. दाढेचा आणि अकलेचा प्रत्यक्ष संबंध काही नाही; परंतु शरीर आधी वाढते आणि समज मागाहून येते, हे निरीक्षण त्या नावात नकळत नोंदले गेले आहे. बापाचे जोडे मुलाच्या पायात बसू लागले की त्याच्याशी मित्रासारखे वागावे, ही घराघरांत सांगितली जाणारी शिकवणही शरीराच्याच खुणेवर उभी आहे.

किशोरवयाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ या वयातील विकासाचे शारीरिक, बौद्धिक आणि सामाजिक असे तीन भाग करतात. हे तिन्ही विकास एकाच मुलात, एकाच काळात चालू असले तरी त्यांचे वेग सारखे नसतात, आणि या वयातील बहुतेक अडचणी या वेगांमधल्या अंतरातून निर्माण होतात. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारीसारखे गाव हे अंतर समजून घेण्यास उपयोगी आहे. काळभैरवनाथाच्या मंदिरामुळे आणि चैत्रातील यात्रेमुळे दूरवर परिचित असलेले हे गाव अवर्षणप्रवण पट्ट्यात आहे. तालुक्यात सीना नदीवर सीना-कोळेगाव धरण आहे, सोनारीत साखर कारखाना आहे, आणि त्याच वेळी या भागातील कोरडवाहू शेतकरी व भूमिहीन कुटुंबे ऊसतोडीसाठी दरवर्षी घर सोडून बाहेर पडतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आरोग्य, शिक्षण इत्यादी निकषांवर मागे राहिलेले जे ‘आकांक्षित जिल्हे’ निवडले, त्यांत महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली आणि वाशिम यांच्याबरोबर उस्मानाबादचाही समावेश होता. अशा ठिकाणी मूल कधी मोठे झाले हे ठरवण्याचा प्रश्न पुस्तकी राहत नाही. त्याच्या उत्तरावर शाळा, काम आणि लग्न अवलंबून असते.

शरीराचा वेग

वयात येण्याच्या खुणा शरीरावर दिसत असल्या तरी या प्रक्रियेची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा बदामाएवढा भाग बालपणात या बाबतीत जवळजवळ शांत असतो. आठव्या ते चौदाव्या वर्षाच्या दरम्यान केव्हातरी तो, प्रथम रात्रीच्या झोपेत, ठरावीक अंतराने एक संप्रेरक सोडू लागतो. संप्रेरक म्हणजे रक्तातून वाहत जाऊन दूरच्या अवयवाला काम सांगणारे रसायन. या संप्रेरकाच्या इशाऱ्याने त्याखालची पीयूषिका ग्रंथी जागी होते आणि ती मुलींमध्ये अंडाशयांना व मुलांमध्ये वृषणांना चालना देते. अंडाशयांतून प्रामुख्याने इस्ट्रोजेन आणि वृषणांतून टेस्टोस्टेरॉन स्रवू लागते. उंचीची झेप, छातीची वाढ, काखेतील व जांघेतील केस, मुरुमे, मासिक पाळी, रुंद होणारे खांदे, घोगरा होणारा आवाज हे बदल प्रामुख्याने याच साखळीचे पुढचे दुवे आहेत.

या बदलांचा क्रम ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात लंडनजवळच्या हार्पेन्डन येथील मुलामुलींची वर्षानुवर्षे मोजमापे घेऊन निश्चित केला. त्यांनी वयात येण्याचे पाच टप्पे पाडले आणि एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली: टप्प्यांचा क्रम बहुतेक मुलांत सारखा असतो, पण ते कोणत्या वयात सुरू होतात यात चार-पाच वर्षांचाही फरक पूर्णपणे निरोगी असू शकतो. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षी सर्वांत वेगाने, वर्षाला सुमारे ८ सेंटिमीटर वाढते. मुलांची ही झेप सुमारे दोन वर्षे उशिरा, चौदाव्या वर्षाच्या आसपास येते आणि तेव्हा वर्षाला ९ ते १० सेंटिमीटरपर्यंत वाढ होते. सातवीच्या वर्गाला प्रार्थनेसाठी उंचीप्रमाणे रांगेत उभे केले तर मागच्या टोकाला बहुधा मुली दिसतात आणि दहावीत तेच चित्र उलटते, याचे कारण हे दोन वर्षांचे अंतर आहे.

सारे शरीरही एकाच वेळी वाढत नाही. पावले आणि हाताचे पंजे आधी वाढतात, त्यानंतर पाय आणि हात लांब होतात आणि धड सर्वांत शेवटी भरते. त्यामुळे दिवाळीला घेतलेले बूट उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत टोचू लागतात, त्यानंतर पँट घोट्याच्या वर सरकते, आणि या काळात हातपाय कुठवर पोचतात याचा अंदाज मेंदूलाच नव्याने बांधावा लागत असल्याने मुलाच्या हातून तांब्या निसटतो, उंबऱ्याला ठेच लागते आणि तो ‘धांदरट’ ठरतो. पावलांची वाढ उंचीच्या आधी पूर्ण होते, मुलींमध्ये साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी आणि मुलांमध्ये चौदाव्या-पंधराव्या वर्षी. याचा अर्थ असा की बापाचे जोडे ज्या दिवशी मुलाच्या पायात बसतात, त्या दिवशी त्याच्या वाढीतील सर्वांत आधी संपणारा भाग तेवढा संपलेला असतो.

मुलांमधील काही बदलांविषयी घरात कोणी बोलत नसल्यामुळे विनाकारण भीती निर्माण होते. स्वरयंत्राची कूर्चा वाढल्याने कंठमणी पुढे येतो आणि काही महिने आवाज मध्येच चिरकतो. संप्रेरकांच्या बदलत्या प्रमाणामुळे पुष्कळ मुलांच्या छातीला काही काळ किंचित सूज येते. झोपेत वीर्यपतन होते. या तिन्ही गोष्टी निरोगी वाढीचा भाग असून त्यांना उपचार लागत नाही, एवढे वेळेवर सांगितले गेले तर भिंतींवरच्या जाहिराती करणाऱ्या भोंदू वैद्यांकडे जाणारी पावले थांबू शकतात.

मुलींमध्ये पहिली पाळी उंचीची झेप ओसरू लागल्यावर येते. तिचे वय आनुवंशिकतेइतकेच पोषणावर अवलंबून असते. नॉर्वेतील जुन्या नोंदींनुसार तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पहिली पाळी सरासरी सतराव्या वर्षाच्या सुमारास येत असे, तर शंभर वर्षांनी ते वय तेरापर्यंत खाली आले. भारतातही ते आज साधारण तेराच्या आसपास आहे. पूर्वी महाराष्ट्रात पहिल्या न्हाणानंतर मुलीला मखरात बसवून तिची ओटी भरली जाई आणि ती ‘शहाणी झाली’ असे म्हटले जाई. जीवशास्त्राच्या दृष्टीने मात्र पहिली पाळी हा वाढीचा शेवट नव्हे. त्यानंतरही मुलीची उंची काही सेंटिमीटर वाढते, पहिल्या एक-दोन वर्षांतील अनेक पाळ्यांत बीज बाहेर पडतच नाही, आणि प्रसूतीसाठी ज्याची रुंदी निर्णायक ठरते त्या कटीराची, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्याची वाढ आणखी काही वर्षे चालू राहते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला गर्भधारणा झाली तर वाढीसाठी लागणारे अन्न आई आणि गर्भ या दोन वाढत्या जिवांत वाटले जाते आणि दोघांचेही नुकसान होते.

किशोरवयात प्रौढ वजनाचा सुमारे अर्धा आणि प्रौढ उंचीचा सुमारे पाचवा ते सहावा भाग कमावला जातो, त्यामुळे या काळातील कुपोषण पुढे भरून काढणे कठीण असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त आढळले. रक्तक्षय म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे. त्यामुळे मेंदूला आणि स्नायूंना प्राणवायू कमी मिळतो, धाप लागते, लक्ष टिकत नाही. शाळांतून दर आठवड्याला दिली जाणारी निळी गोळी याचसाठी असते: तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, आणि तिच्या जोडीला वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी दिली जाते. बाजरीची भाकरी, पालेभाज्या, कडधान्ये, शेंगदाणे यांतून लोह मिळते, परंतु जेवणालगत घेतलेला चहा ते शरीरात पुरेसे शोषू देत नाही आणि लिंबू पिळले तर ते अधिक शोषले जाते, इतकी साधी माहितीही भाकरी आणि चहा यांवर दिवस काढणाऱ्या घरांत मोलाची ठरते.

झोपेचे वेळापत्रकही याच काळात बदलते. अंधार पडल्यावर मेंदूत स्रवणारे आणि झोपेची वेळ सुचवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक किशोरवयात उशिरा स्रवू लागते, त्यामुळे मुलाला रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही. गरज मात्र आठ ते दहा तासांच्या झोपेची कायम असते. शेतीपंपाला रात्रीची लाईट असलेल्या आठवड्यात जो मुलगा मध्यरात्रीपर्यंत उसाला दारे धरतो आणि सकाळी शाळेत डुलक्या घेतो, त्याला आळशी म्हणणे ही निदानातील चूक आहे.

बुद्धीचा वेग

बौद्धिक विकासाचे सर्वांत प्रभावी वर्णन स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी केले. त्यांच्या मते साधारण अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत मूल समोर दिसणाऱ्या, हाताळता येणाऱ्या गोष्टींविषयी तर्क करते. त्यानंतर ते ‘औपचारिक विचारा’च्या अवस्थेत शिरते, म्हणजे जे समोर नाही त्याविषयी, निव्वळ शक्यतांविषयी, ‘असे असते तर काय झाले असते’ याविषयी विचार करू लागते. पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी मुलांना लंबक देऊन त्याचा वेग कशावर अवलंबून असतो हे शोधायला सांगितले तेव्हा लहान मुले दोरीची लांबी आणि वजन एकाच वेळी बदलत आणि गोंधळत, तर किशोरवयीन मुले एक गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवत आणि उत्तरापर्यंत पोचत.

हा प्रयोग ग्रामीण महाराष्ट्रातील कोणत्याही विहिरीवर पाहायला मिळतो. मोटार चालू होत नाही तेव्हा नऊ वर्षांचा मुलगा स्टार्टरचे बटण पुन्हा पुन्हा दाबतो. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आधी घरातील दिवा लागतो का हे पाहतो, मग तिन्ही फेज आल्या आहेत का हे तपासतो, मग स्टार्टर, मग वायर, आणि मोटार फिरूनही पाणी येत नसेल तर फुटव्हॉल व विहिरीतील पाण्याची पातळी अशा क्रमाने एकेक शक्यता बाद करत जातो. पुस्तकात शास्त्रीय पद्धत म्हणून शिकवली जाते ती हीच. मात्र ही क्षमता वय झाले म्हणून आपोआप सर्व क्षेत्रांत येत नाही, असे पियाजे यांनीही नंतर मान्य केले. ज्या विषयाचा सराव आणि अनुभव असतो त्यात ती आधी प्रकट होते. मोटारीतील दोष शोधणारा मुलगा बीजगणितात अडखळत असेल तर त्याची बुद्धी कमी आहे असे नव्हे. त्या विषयात तिला सराव मिळालेला नाही.

विचाराच्या या नव्या शक्तीचे दुसरे रूप घरात वादावादी म्हणून प्रकट होते. जे आहे त्यापेक्षा वेगळे असू शकते हे कळल्यावर मूल घरातील नियमांची, जातीच्या पंक्तींची, वडीलधाऱ्यांच्या बोलण्या-वागण्यातील विसंगतीची चिकित्सा करू लागते, आणि याच शक्तीची दिशा स्वतःकडे वळली की सगळे जग आपल्याकडेच पाहत आहे असे त्याला वाटू लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ असे नाव दिले. यात्रेच्या आदल्या दिवशी नाकावर आलेला एक फोड मुलीला दिवसभर आरशासमोर उभे करतो, कारण उद्याच्या हजारो लोकांचे लक्ष त्या फोडावरच असेल अशी तिची खात्री झालेली असते.

१९९० च्या दशकापासून चुंबकीय अनुनादाने, म्हणजे एमआरआयने, जिवंत मेंदूची सुरक्षित चित्रे वारंवार घेता येऊ लागली आणि या वर्णनांना शारीरिक आधार मिळाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये असे दाखवले की मेंदूच्या कपाळामागील भागातील करडे द्रव्य वयात येण्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि नंतर कमी होत जाते. ही घट म्हणजे ऱ्हास नव्हे. बाजरी उगवून आली की शेतकरी विरळणी करतो, दाटीतील रोपे उपटतो आणि उरलेल्यांना जोम मिळू देतो. त्याचप्रमाणे मेंदू वापरात नसलेल्या पेशीजोडण्या काढून टाकतो आणि वापरातल्या पक्क्या करतो. त्याच वेळी उरलेल्या तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण चढते, ज्यामुळे संदेशांचा वेग अनेक पटींनी वाढतो. ही विरळणी मेंदूच्या मागच्या भागांकडून पुढे सरकत येते, आणि कपाळामागचा भाग, ज्याच्याकडे नियोजन, संयम आणि परिणामांचा अंदाज ही कामे असतात, तो सर्वांत शेवटी, विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. भावना आणि बक्षिसाची ओढ यांच्याशी संबंधित खोलवरचे भाग मात्र वयात येतानाच तीव्रपणे काम करू लागलेले असतात.

या विसंगतीचा परिणाम कुठे दिसतो हे लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांच्या २००५ मधील प्रयोगाने स्पष्ट केले. संगणकावरील गाडी चालवण्याच्या खेळात १३ ते १६ वर्षांची मुले एकटी असताना प्रौढांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत; दोन मित्र शेजारी बसवल्यावर मात्र त्यांनी घेतलेले धोके जवळजवळ दुप्पट झाले, तर प्रौढांच्या वागण्यात मित्रांमुळे फरक पडला नाही. मोटारीचे उदाहरण येथे पूर्ण होते. जो मुलगा एकटा असताना दोष डीपीवर, म्हणजे गावच्या रोहित्रावर, आहे असे ओळखून वायरमनला बोलवायला जातो, तोच मुलगा चार मित्र खाली उभे असताना डीओ (फ्यूज) टाकायला स्वतःच वर चढण्याची शक्यता असते. धोका त्याला कळत नाही असे नसते; मित्रांच्या नजरेतील मोल त्या क्षणी जिवाच्या मोलापेक्षा मोठे वाटते. म्हणून अशा मुलांना धोक्यांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा धोक्याच्या जागी घोळका जमू न देणे अधिक परिणामकारक ठरते.

समाजाचा वेग

किशोरावस्था हा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून जी. स्टॅन्ली हॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९०४ मधील द्विखंडी ग्रंथाने प्रस्थापित झाला. हॉल यांनी या वयाचे वर्णन वादळ आणि ताण यांचा काळ असे केले व त्याचे मूळ जीवशास्त्रात शोधले. १९२८ मध्ये मार्गारेट मीड यांनी सामोआ बेटावरील मुलींच्या अभ्यासातून असे मांडले की जेथे समाजाची घडी वेगळी आहे तेथे हे वादळ उठत नाही. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे, विशेषतः १९८३ मध्ये डेरेक फ्रीमन यांनी, कठोर टीका केली. आज सर्वसाधारणपणे मान्य असलेली भूमिका या दोन टोकांच्या मधली आहे: वयात येणे ही सर्वत्र घडणारी जैविक घटना आहे, पण त्यानंतर प्रौढ मानले जाण्यापूर्वी किती वर्षे मिळतात हे समाज ठरवतो.

या मिळणाऱ्या वर्षांचे महत्त्व एरिक एरिक्सन यांनी विशद केले. ‘मी कोण आणि पुढे काय होणार’ या प्रश्नाचे उत्तर शोधणे, म्हणजे स्वतःची ओळख घडवणे, हे त्यांच्या मते किशोरवयाचे मुख्य काम आहे, आणि त्यासाठी समाजाने मुलाला एक मुभेचा काळ द्यावा लागतो, ज्यात त्याला निरनिराळ्या भूमिका करून पाहता येतात, चुकता येते आणि चुकीची कायमची किंमत मोजावी लागत नाही. घरापेक्षा मित्रमंडळ जवळचे वाटणे, गणेश मंडळात किंवा लेझीम पथकात रमणे, केसांची तऱ्हा बदलणे, एका वर्षी पोलीस भरतीची तयारी आणि दुसऱ्या वर्षी वायरमनचा कोर्स अशी इच्छा पालटणे हे या शोधाचेच भाग आहेत.

ही मुभा सर्वांना सारखी मिळत नाही. ऊसतोडीच्या व्यवहारात मजुरीचे एकक ‘कोयता’ हे असून एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, तर नवरा आणि बायको मिळून एक जोडी. मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यांच्या संख्येवर ठरते. त्यामुळे मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या लग्नालाही आर्थिक कारण मिळते. गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन साधारण मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण त्यात जाते. आई-वडील फडावर जाताना वयात आलेल्या मुलीला कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, न्यावे तर सुरक्षिततेची भीती, गावी ठेवावे तर सांभाळणार कोण ही चिंता, आणि दोन्ही चिंतांवरचा उपाय म्हणून लग्न उरकले जाते. मुलांच्या शाळेसाठी राज्यात हंगामी वसतिगृहांची योजना या स्थलांतरामुळेच सुरू झाली. ज्यांचे कुटुंब स्थलांतर करत नाही त्यांच्यापुढेही दहावीनंतरचा प्रश्न असतोच, कारण पुढच्या शिक्षणासाठी परंडा किंवा बार्शीसारख्या गावी जावे लागते, आणि त्या वेळी मुलाला मोटारसायकल व मुलीला घरकाम अशी वाटणी अनेक घरांत होते. मुलींसाठीचा एसटीचा मोफत पास हा अशा वेळी केवळ प्रवासखर्च वाचवत नाही, तिच्या किशोरवयाची वर्षे वाढवतो.

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाकडे पाहिले तर ही वर्षे वाढवण्याचा झगडा दीडशे वर्षांचा आहे. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नांदायला जाण्यास नकार दिला, त्यावर १८८४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात खटला उभा राहिला, आणि १८८७ मध्ये नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असा निकाल लागल्यावर त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले आणि रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. या वादाच्या पार्श्वभूमीवर झालेल्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हाही पुण्यात मोठे वादंग माजले. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे लग्नाचे किमान वय चौदा ठरवले, १९४९ मध्ये ते पंधरा झाले आणि १९७८ मध्ये मुलीसाठी अठरा व मुलासाठी एकवीस करण्यात आले. बारा, चौदा, पंधरा, अठरा या आकड्यांच्या ओळीत एक वैचारिक प्रवास दडलेला आहे: आरंभी कायदा पहिल्या पाळीच्या आसपास थांबत होता, आणि शतकभरात तो शरीराची खूण सोडून समजेच्या वयाकडे सरकला.

व्यवहार मात्र कायद्याच्या मागे आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झाले होते, आणि परभणी, बीड यांसारख्या मराठवाड्यातील जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून पुष्कळ जास्त आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ अन्वये महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवकाला प्रतिबंधक अधिकारी नेमले असून १०९८ या क्रमांकावर कोणालाही माहिती देता येते. परंतु मांडव पडल्यावर थांबवलेले लग्न पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी लागू शकते, म्हणून कायद्याच्या जोडीला मुलीला घरात किंमत मिळवून देणारे काही असावे लागते.

असे काही उभे करता येते याचा पुरावा मराठवाड्यातच आहे. पैठण तालुक्यातील पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने डॉ. अशोक दयालचंद यांच्या मार्गदर्शनाखाली शाळा सुटलेल्या व अविवाहित मुलींसाठी वर्षभर चालणारे जीवनकौशल्यांचे वर्ग गावोगावी घेतले. संध्याकाळी तासभर भरणाऱ्या या वर्गांत शरीर, आहार, बँकेचे व सरकारी कार्यालयांचे व्यवहार, बोलण्याचा धीर अशा गोष्टी शिकवल्या जात. कार्यक्रम चाललेल्या गावांत मुलींच्या लग्नाचे मध्यक वय सोळावरून सतरावर गेले. एक वर्ष ही वाढ दिसायला लहान असली तरी बौद्धिक आणि शारीरिक विकासाच्या मोजपट्टीवर सोळा ते सतरा हे अंतर मोठे आहे. खुद्द धाराशिव जिल्ह्यात, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोहारा तालुक्यातील हराळी येथे ज्ञान प्रबोधिनीचे केंद्र उभे राहिले. या संस्थेने जुन्या उपनयनाला नवा अर्थ देऊन किशोरवयीन मुलगे आणि मुली दोघांसाठी विद्याव्रत संस्काराची प्रथा घातली, ज्यात शरीर, मन आणि बुद्धी यांच्या विकासाचा संकल्प मुले स्वतः करतात. मखरात मुलीच्या देहाचा सोहळा होत असे. विद्याव्रतात तिच्या शिकण्याचा होतो.

तीन वेगांचा मेळ

किशोरवयाविषयी केले जाणारे दोन सर्वसाधारण आरोप, ‘एवढा मोठा झाला तरी अक्कल नाही’ आणि ‘अजून लहान आहे, त्याला काय विचारायचे’, एकाच मुलावर एकाच घरात एकाच दिवशी केले जातात, आणि दोन्ही आरोपांचे मूळ एकच आहे: तीन वेगवेगळ्या गतींनी चाललेल्या वाढीला एकच माप लावले जाते. शरीराची वाढ पंधरा-सोळापर्यंत बरीचशी उरकते, शांतपणे तर्क करण्याची शक्ती त्याच सुमारास प्रौढांच्या जवळ पोचते, पण भावनेच्या भरात आणि मित्रांच्या घोळक्यात स्वतःला आवरण्याची शक्ती त्यानंतरही कित्येक वर्षे घडत राहते. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला पिकाच्या नियोजनात, घरखर्चात, स्वतःच्या शिक्षणाच्या निर्णयात सामील करून घ्यावे, कारण ही कामे निवांतपणे विचार करण्याची आहेत आणि ती त्याला जमतात. भरधाव मोटारसायकल, विजेचा खांब, कर्ज आणि लग्न या गोष्टी मात्र त्याच्या एकट्याच्या निर्णयावर सोडू नयेत. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिके चालतात, आणि मनावरचा ताण असह्य झाल्यास १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. या सोयींचा उपयोग घरातील मोठ्या माणसांनी लाज बाजूला ठेवून त्यांची नावे उच्चारली तरच होतो.

बापाच्या जोड्यांची जुनी शिकवण शास्त्राच्या कसोटीवर निम्मी खरी ठरते. पाऊल वाढले म्हणून समज वाढलेली नसते, हा तिचा अपुरेपणा आहे. पण ज्याची समज अजून घडत आहे त्याला हुकमापेक्षा मैत्रीची गरज अधिक असते, हे तिने बरोबर ओळखले आहे. तिची खरी उणीव दुसरीच आहे: तिच्यात मुलगा आहे, मुलगी नाही. आईच्या वहाणा लेकीच्या पायात बसल्यावर तिच्याशी कसे वागावे याविषयी तशी शिकवण परंपरेने ठेवली नाही, उलट तेव्हापासून तिच्यासाठी स्थळे येऊ लागतात. वाढीची उरलेली वर्षे कायद्याने तिला १९७८ मध्येच दिली आहेत. घराने ती द्यायची अजून बाकी आहेत.